वाजवणारा आला नाही

सोमे, तुला जाऊन आज बारा दिवस झाले. डोळखांबच्या वरच्या अंगाला असलेल्या तुझ्या पाड्यावर एवढी माणसं एका वेळी कधी चढून आली नसतील. सातआठ शाळांचे हेडमास्तर आले होते. त्यातल्या बहुतेकांना तू कधी ना कधी घाम फोडला होतास, पण त्या दिवशी ते मुकाट्याने चपला काढून अंगणात बसले होते. तुझ्या ताफ्यातली वीसबावीस पोरंपोरी ढोल घेऊन आली होती. तूच सांगून ठेवलं होतंस म्हणे, की मला नेताना रडू नका, वाजवा. पोरांनी दोन्ही केलं.

सगळं आटोपल्यावर आम्ही आंब्याखाली बसलो, तेव्हा तुझी जानकी, तुझ्यानंतर ताफा सांभाळणारी, ती गोष्ट सांगायला लागली. तू शाळाशाळांतून सांगायचीस तीच. "बाई कॉलेजात व्हती ना, तवा गॅदरिंगला वाजवणारा पोऱ्या ऐन टायमाला आलाच नाय. मंग बाईनं ढोल सोताच्या गळ्यात घातला. तो मेला आला आसता तर आपल्याला बाई घावलीच नसती!" रडता रडता सगळे हसले. माझी लेक ओवी माझ्या शेजारी बसली होती, तीही हसली. मी खाली मान घालून चपलेचा अंगठा नीट करत बसलो.

तो वाजवणारा मी. हे तुला माहीत होतं आणि मला. पंचवीस वर्षं तू ती गोष्ट सांगितलीस, शेकडो पोरांना हसवलंस, आणि एकदाही माझं नाव घेतलं नाहीस. तुझ्या अंगणात एकाने मला विचारलं, "तुमी कोन बाईंचे?" मी म्हणालो, "कॉलेजचा मित्र." तेवढंच म्हणालो. तेही तुझ्या दारात, तुझी राख गरम असताना. म्हणून हे लिहायला बसलोय.

आठवतंय ना, शहापूरच्या कॉलेजात गॅदरिंगला दरवर्षी एक 'आदिवासी नृत्य' असायचं? ते बसवणारे आणि नाचणारे सगळे बाजारपेठेतले. कृती ठरलेली होती. तोंडाला आणि दंडांना काजळी, कमरेला आंब्याचे टहाळे, डोक्यात कोंबडीची पिसं, हातात काठीचे भाले, आणि मधूनमधून हुर्र हुर्र करून ओरडायचं. कॉलेजमागच्या होस्टेलात तीसचाळीस ठाकर-कातकऱ्यांची मुलं राहत होती, त्यांना कुणी काही विचारत नसे. ती शेवटच्या रांगेत बसायची आणि नाच संपला की सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायची.

पहिल्या वर्षी मी त्या नाचात होतो. सिद्धगडाखालच्या ठाकरवाडीचा मी, आणि काजळी फासून आदिवासी झालो होतो! कारण मी आहेच हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी वाशिंदला मामाकडे राहायचो, मामा कारखान्यात कायम होता, आणि आमचं आडनाव वाघ. वाघ कुठल्याही जातीत निघतात, त्यामुळे ज्याने त्याने आपल्या सोयीने मला आपल्यात धरलं. मी कुणाशी खोटं बोललो नाही. कुणाचा गैरसमज दूर केला नाही, एवढंच. शिष्यवृत्तीची यादी नावांसकट बोर्डावर लागायची म्हणून मी तो फॉर्मसुद्धा भरला नव्हता. नाच बसवणारा पोरगा काजळीची वाटी घेऊन माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "तुझा रंग बेस्ट आहे यार, तुला कमी लागेल." मी हसलो. आयुष्यात इतकं लाचार मी पुन्हा कधी हसलो नाही.

त्या वर्षी त्यांना खरा ढोल हवा होता, म्हणून होस्टेलच्या एका पोराला विंगेत बसवलं होतं. तिथेच घोळ झाला. आम्हाला माकडासारख्या उड्या मारायला शिकवलं होतं. आठ दिवस मी इमानेइतबारे उड्या मारत होतो. पण विंगेतून ढोल सुरू झाला आणि माझे पाय माझं ऐकेनात. दोन पुढे, एक मागे, टाच न टेकवता, गुडघ्यात जरासं मोडून, आमच्या वाडीत दिवाळीनंतर नाचतात तसे पडायला लागले. दोनतीन ठेक्यांनंतर मी सावध झालो आणि पुन्हा उड्या मारायला लागलो. कुणाच्या लक्षात आलं नाही, असं मला वाटलं.

नाच झाल्यावर मी मागच्या नळावर तोंड घासत होतो. तू आलीस. तेव्हा मी तुला नावानेही ओळखत नव्हतो. होस्टेलची एक बारकी मुलगी, तेल लावून चापून बसवलेल्या दोन वेण्या. तू खोबरेल तेलाची बाटली पुढे केलीस.

"पान्यानं नाय जायाची ती. तेल लाव."

मी तेल घेतलं. तू उभीच राहिलीस.

"कंच्या पाड्याचा रे तू?"

"मी वाशिंदचा आहे," मी अगदी पुस्तकी मराठीत म्हणालो.

"ऱ्हात आसशील वाशिंदला. पाय सिद्धगडाखालचे हायेत."

माझ्या तोंडावर अर्धी काजळी, अर्धं तेल. मला तुझा इतका राग आला, की बाटली तुझ्या हातात न देता मी जमिनीवर ठेवली आणि निघून गेलो. तू मागून हसल्याचं ऐकू आलं. तुझं हसणं मोठं होतं, अंगाला न शोभणारं. बारा दिवस झाले, ते कुठे ऐकू येत नाही, सोमे, आणि मला त्याची फार आठवण येते.

तुझ्यासारखी चिकट बाई मी दुसरी पाहिली नाही. महिन्याभराने तू मला लायब्ररीच्या जिन्यात गाठलंस आणि म्हणालीस, पुढच्या वर्षी आपण आपला नाच करायचा, तोंड धुतलेला. 'आपण' म्हणालीस! तू गाणंही केलं होतंस, तिथेच जिन्यात हळू आवाजात म्हणून दाखवलंस.

काजळ माज्या डोल्याचं, तुमी तोंडाला फासलं,
पाला माज्या रानाचा, तुमी कंबरंला बांदला,
नाव माजं इचारा रे, नाव माजं इचारा.

मी म्हणालो, चाल आमच्या वाडीतली आहे. म्हणालो आणि जीभ चावली. तू वरची पायरी सोडून खालच्या पायरीवर येऊन बसलीस, इतकंच. त्या दिवसापासून मी तुझ्याशी घरच्या बोलीत बोलायला लागलो. कॉलेजात असं बोलायला मिळणारं माझं ते एकच माणूस होतं.

दुसऱ्या वर्षीचे ते तीन महिने हे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे मी तुला कधी सांगितलं नाही. ढोल वाजवणारा होस्टेलचा पोरगा दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेला तो परतलाच नाही. मग तू माझ्या मागे लागलीस. मी तयार झालो. दुपारी शेवटचा तास बुडवून आपण भातसा नदीच्या काठी जायचो. पाच मुली, तीन मुलगे, तू आणि मी. तुझ्या काकाचा ढोल होता, एका बाजूला काठीचं टिपरू, दुसऱ्या बाजूला नुसता हात. माझ्या बापाने मला आठव्या वर्षी शिकवलं होतं, आणि कॉलेजात आल्यापासून मी ढोलाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तळहात सुजला. मित्रांनी विचारलं तर म्हणालो, क्रिकेट खेळताना लागलं. तू त्या मुलींतल्या मंजूची खोडी काढायचीस, ठेका चुकला की नदीतलं पाणी उडवायचीस, आणि मध्येच सगळ्यांना दम भरायचीस, "हसू नका गो, गॅदरिंगला आपल्यालाच हसतील!" मला तर वाटायचं गॅदरिंग येऊच नये, आपण असेच तीन वाजता नदीवर जात राहावं.

गॅदरिंग आलं. तीनला विंगेत यायचं ठरलं होतं. मी पांढरा सदरा घालून निघालो होतो, खरंच निघालो होतो. फाटकापाशी माझे मित्र उभे होते. एकाने माझ्या खांद्यावर हात टाकला, "चल, जागा धरलीय, आज होस्टेलवाल्यांचं काहीतरी आहे, मजा येईल." मी गेलो. तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. कुणी ओढून नेलं नाही, कुणी धाक घातला नाही. मी चालत गेलो आणि बसलो.

तुझ्या नावाचा पुकारा दोनदा झाला. पडदा किलकिला करून तू बाहेर बघत होतीस, मला दिसत होतीस. तुलाही मी दिसलो. एवढ्या गर्दीत तू मला तिसऱ्या रांगेत बरोबर पाहिलंस. मग पडदा पडला, आणि उघडला तेव्हा ढोल तुझ्या गळ्यात होता. आपल्या भागात बाईच्या गळ्यात ढोल कुणी पाहिला नव्हता. पट्टा तुला लांब होत होता, तू मध्येच गाठ मारून तो आखूड केला होतास. पहिला ठेका चुकला. हॉल हसला. माझे मित्र तर बाकावर लोळले. दुसराही चुकला. मग तू डोळे मिटलेस आणि वाजवायला लागलीस, आणि मुलींनी गाणं धरलं. तिसऱ्यांदा 'नाव माजं इचारा' आलं तेव्हा शेवटची रांग उभी राहिली होती. होस्टेलची पोरं, सगळी. माझे मित्र गप्प झाले. मी टाळ्याही वाजवल्या नाहीत, शेजारच्यांनी वळून बघितलं असतं म्हणून.

गोष्टीत तू हे सांगायचीस, पण पुढचं सांगायची नाहीस, की त्यानंतर काजळीवाला नाचही झालाच. त्यातल्या दोघांनी मात्र तोंड धुतलं आणि नाचायला नकार दिला. पुढच्या वर्षी तोच नाच 'जंगल डान्स' या नावाने झाला. लोक एवढ्यावर सुधारले असते तर तुला उरलेली पंचवीस वर्षं काय काम होतं?

मी तुला टाळायला लागलो, कॉलेज संपलं, मामाच्याच कारखान्यात चिकटलो. चारेक वर्षांनी वाशिंदच्या बाजारात तू पाठीमागून हाक मारलीस. मी थांबलो. वाटलं, आता ही सगळ्यांदेखत बोलणार. तू म्हणालीस, "ढोलाचं कातडं सैल पडलंय. तुज्या बापाला ताणता यायचं ना? तुला येतं का?"

इतकंच. ना त्या दिवसाचा उल्लेख, ना तक्रार. तेव्हापासून दरवर्षी दिवाळी झाली की तू एसटीत ढोल घेऊन यायचीस. कंडक्टर ढोलाचं तिकीट मागायचा आणि तू त्याला विचारायचीस, "हाफ का फुल?" माझ्या मित्राच्या सायकलच्या दुकानामागे पत्र्याची पडवी होती, तिथे मी कातडं उन्हाला लावायचो, दोऱ्या ताणायचो, आणि ताण बघायला म्हणून थोडा वेळ वाजवायचो. थोडा वेळ कसला, तू उठून 'पुरे' म्हणेपर्यंत. बायकोला मी ठाकर आहे हे लग्नाआधीच सांगितलं होतं, पण त्या पडवीचं सांगितलं नव्हतं. तिला ओव्हरटाइम सांगायचो. वर्षातून एक दुपार मी माझ्या बापाचा मुलगा असायचो, आणि ती दुपार तू मला एसटीने आणून द्यायचीस.

त्याच पडवीत आपली भांडणं झाली. तू कुठल्या शाळेत असला नाच बसवलाय हे हुडकून काढायचीस, पोरं घेऊन जायचीस आणि हेडमास्तरांना म्हणायचीस, "दहाच मिनिटं द्या. तुमच्या नाचाच्या आदी." बंदी नाही, घोषणा नाहीत. दहा मिनिटांत आपला नाच, आपलं गाणं, आणि शेवटी हेडमास्तरांनाच हाताला धरून गोलात. मला ते पटायचं नाही. मी म्हणायचो, कायदा आहे, तक्रार कर, नोटीस जाऊ दे. त्यांच्याच स्टेजवर जाऊन त्यांनाच नाचून दाखवायचं म्हणजे काय, उद्या मंत्री आला की स्वागताला नाचायला हेच बोलावतील तुला. तू दोरीचं टोक दातात धरून म्हणायचीस, "बोलावतातच. मी जात नाय." आणि मग दोरी सोडून, "तक्रार केली तर ते पोरगं घाबरंल रे. मला ते घाबरायला नकोय. मला ते नाचायला पायजे."

मुरबाडकडच्या एका शाळेतलं तू सांगितलेलं मी विसरलो नाही. चौथीचा मुलगा, काजळी फासून तयार. तू त्याला विचारलंस, तू कोण झालास? तो म्हणाला, आदिवासी. नाव काय त्या आदिवासीचं? तो गोंधळला, आणि म्हणाला, "त्याला नाव नाहीये, तो नुसता आदिवासी आहे." हे सांगताना तू हसत होतीस आणि मग हसताहसता तुझा चेहरा वेडावाकडा झाला. मी ढोल बाजूला ठेवला. पण हात पुढे केला नाही. तो करायला हवा होता.

तरी माझं म्हणणं मी आजही मागे घेत नाही. काही शाळांना नोटीसच हवी. तुझ्या दहा मिनिटांनी विरघळणारी सगळीच माणसं नसतात. यावर तू काय म्हणाली असतीस तेही मला माहीत आहे, "तू नोटीस काढ ना मंग. नाव कुनाचं टाकशील खाली?"

आणि आता जे सांगतो ते तुझ्यामाझ्यातसुद्धा आपण पुन्हा बोललो नाही. गेल्या हिवाळ्यात तू आलीस आणि म्हणालीस, वाशिंदच्या एका शाळेतही यंदा काजळीचा नाच आहे, पुढच्या आठवड्यात जाते. शाळेचं नाव ऐकून माझ्या हातातली दोरी सुटली. ओवीची शाळा. तिच्या दाखल्यावर जातीचा रकाना मी कोरा ठेवला होता. मी तुला म्हणालो, तिथे जाऊ नकोस. तू कारण विचारलं नाहीस. मग म्हणालीस, "तू ये की. वाजवू नको. नुसता उभा ऱ्हा मागं." मी म्हणालो, पोरीची दहावी होऊ दे.

तू गेली नाहीस. एवढ्या वर्षांत एवढ्या शाळा केल्यास, एकच सोडलीस, ती माझ्या शब्दाखातर. आणि गॅदरिंगच्या दिवशी मी पालकांच्या रांगेत बसलो होतो, स्टेजवर ओवी होती, तोंडाला काजळी, कमरेला हिरवा कागद, हुर्र हुर्र ओरडत. तिच्या आईने मोबाइलवर शूटिंग केलं. घरी येऊन ओवीने विचारलं, "बाबा, कशी दिसत होते मी? एकदम खरी ना?" मी म्हणालो, एकदम खरी.

तुला निरोप देऊन त्या दिवशी पाड्यावरून परत येताना मोटारसायकलवर मागे बसलेली ओवी माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा, तो वाजवणारा किती डरपोक असेल ना?" मी हो म्हणालो. पण ते 'हो' मला दहा दिवस पचलं नाही.

काल सकाळी मी तिला गच्चीवर नेलं आणि सगळं सांगितलं. आपण कोण ते सांगितलं. वाडी सांगितली, माझ्या बापाचा ढोल, काजळीची वाटी, तिसरी रांग. ती ऐकत होती. मला वाटलं होतं जातीचं ऐकून ती चरकेल. ते तर तिने सहज घेतलं, "मग आजीकडे सगळे तसं का बोलतात ते आत्ता कळलं," म्हणाली. मग तिने विचारलं,

"त्या बाई सगळ्या शाळांत जायच्या ना? मग आमच्या शाळेत का नाही आल्या?"

मी सांगितलं. मी नको म्हणालो म्हणून.

सोमे, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पंचवीस वर्षांत तू मला एकदाही ज्या नजरेने बघितलं नाहीस, त्या नजरेने पाहिलं. माझ्या वाट्याचं ते बघणं तू चुकवत आली होतीस. मला आभार मानावेत की भांडावं तेच कळत नाही.

आज सकाळी ती माझ्याशी बोलली. म्हणाली, मला ढोल शिकायचाय. मी इतका हरखलो, की ताडकन उठलो, म्हणालो, मी शिकवतो, आत्ता शिकवतो, आपल्या घराण्याचा हात आहे.

"तुझ्याकडून नाही," ओवी म्हणाली. "जानकीताईंकडून."

रविवारी तिला घेऊन तुझ्या पाड्यावर येतोय. जानकी विचारेल, तुमी कोन बाईंचे. या वेळी सांगेन.